दगड उचला, ते येऊन राहिलं

घारींच्या वर

पंखा थांबला.

उडताना तो तिला पहिल्यांदाच दिसला. इतके महिने तो तिच्या समोरच होता, पण फिरू लागला की नाहीसा व्हायचा; हवेत एक फिकट चकाकी उरायची, तिच्यातून आभाळ आरपार दिसायचं. आता तो होता. काळा, लांब, जरा तिरका. बंद पडलेल्या घड्याळातल्या काट्यासारखा. त्याच्या पलीकडे सगळं आभाळ, अलीकडे ती एकटी.

ती म्हणजे प्रियदर्शनी. वसमतच्या एका देवळातले पुजारी राधाकृष्णबुवा, त्यांची मुलगी. विमान चालवायला शिकत होती, आणि आज दोन बैठकांच्या त्या लहानशा विमानात शेजारची बैठक रिकामी होती, कारण एकटीने लांब जाऊन परत यायचं हाच आजचा धडा होता.

आधी तेलाचा काटा खाली आला. मग इंजिन खोकलं. मग एक असा हिसका बसला की पट्टा खांद्यात रुतला, आणि त्यानंतर वारा ऐकू येऊ लागला. वारा आधीही असणारच. इंजिनाने त्याला कधी बोलू दिलं नव्हतं.

शिकवताना अनिरुद्ध सर मध्येच हात पुढे करून इंजिनाचा जोर काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "इंजिन गेलं. आता काय?" ती घाईघाईने सगळं म्हणून दाखवायची, आणि मग सर जोर परत द्यायचे. तिने शेजारच्या रिकाम्या बैठकीकडे पाहिलं.

"इंजिन गेलं," ती मोठ्याने म्हणाली. "आता काय?"

नाक बेताचं खाली. वेग धरून ठेवायचा. इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ते हवेच्या उतारावरून घसरत येतं, घारीसारखं. फक्त घारीला पुन्हा वर जाता येतं. तिने रेडिओवर सांगितलं. उत्तर आलं, पण निम्मंच; मग नुसती खरखर.

मग तिने खाली पाहिलं आणि क्षणभर हातातलं काम विसरली.

हा तिचाच जिल्हा होता. हिंगोली, सेनगाव, औंढा, एसटीच्या खिडकीतून शंभरदा पाहिलेला, आणि तिला तो ओळखूच आला नाही. कुठे नांगरून पडलेली काळी रानं, कुठे काढून झालेल्या हळदीचे मोकळे वरंबे, विंचरलेल्या केसांसारखे. हिरव्या विहिरी. त्यांच्याभोवती झोपलेली झाडं. आणि सगळं जरासं वर येत होतं, हळूहळू, कोणीतरी ताट पुढे करावं तसं.

उतरायला जागा. वरंब्यांत चाक अडकेल, विमान उलटेल. हरभऱ्याच्या रानावरून तारा गेल्यात. ओढा. बाभळी.

आणि एक रस्ता. नवा, पांढुरका, सुतात धरल्यासारखा सरळ. खांब नाहीत, तारा नाहीत, गाड्या नाहीत. एका बाजूने पिवळा पट्टा. नव्या रस्त्याला कडेने रंग मारतात, तसा काहीतरी असेल, असं तिला वाटलं.

एवढ्या वरून हळद ही हळद दिसत नाही. दगड तर दिसतच नाहीत.

त्याच वेळी, जमिनीवर

रस्ता नवा होता, सिमेंटचा होता, आणि कुठेच जात नव्हता. सेनगावकडून बाबूसिंग तांड्यापर्यंत सरळ यायचा आणि ओढ्याशी संपायचा, कारण पुढचा पूल व्हायचा होता. पूल होईस्तोवर रस्ता तांड्याचा. म्हणजे हळदीचा.

शिजवलेली हळद वाळवायला एवढी चांगली जागा तांड्याने जन्मात पाहिली नव्हती. खाली तापलेलं सिमेंट, वर चैत्राचं ऊन. रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर हळद पसरलेली, नजर जाईल तिथवर. उरलेला अर्धा येण्याजाण्याला. पण मोकळा अर्धा दिसला की जीपवाले घुसतात, समोरून कोणी आलं की बिनदिक्कत हळदीवर चाक घालतात. म्हणून दगड. हळदीच्या कडेकडेने दगडांची रांग, आणि मोकळ्या अर्ध्यावरही ठिकठिकाणी आडवे दगड. मोटारसायकल वळणं घेत जाईल, जीप जाणार नाही.

हे दगड पारुबाईने लावले होते. एकेक निवडून. लाथेने सरकेल असा एकही नाही.

पारुबाई म्हातारी. तांड्यातल्या सुना आता साड्या नेसतात, पण तिने घेरदार फेटिया घागरा आणि आरसे लावलेली चोळी सोडली नव्हती. ती उन्हात चालली की रस्त्यावर तिच्या आजूबाजूने उजेडाचे ठिपके चालायचे.

सकाळीच जीपवाला अमृतराव भांडून गेला होता.

"ए पारुबाई, दगड काढ. शिटा बसल्यात माझ्या."

"वळसा घालून जा."

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?"

"बापाचा न्हाई, हळदीचा हाय. बाप आला असता तर त्यालाबी वळसाच घालायला लावला असता."

जीपमधली माणसं खदखदून हसली. अमृतराव मान मागे वळवून, जीप उलटी घेत, तोंडाने काहीबाही बोलत लांबवर गेला.

"याडी, असं काहून बोलतीस लोकाइला?" पुजा म्हणाली. पुजा ही तिची सून. तांड्यात आईला याडी म्हणतात. पुजा सासूलाही याडीच म्हणायची.

"दगडाइला तोंड न्हाई म्हणून मी बोलते."

पारुबाईचा मुलगा देविदास ओढ्याच्या काठाला होता. तिथे टाक्यांचा मोठा कुकर लावलेला, हळद शिजत होती, वाफेचा लोट बाभळीपर्यंत जात होता. सासू-सुना दाताळ्याने हळद खालीवर करत होत्या.

मग हळदीवरून एक सावली गेली.

घारींच्या बरोबरीने

एक घार तिच्या शेजारी आली.

हाताच्या अंतरावर वाटावी इतकी जवळ. पंख पसरलेले, न हलणारे. पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी सुटी सुटी, आणि प्रत्येक पीस वेगळं थरथरत होतं. घारीने मान वळवली. डोळा पिवळा होता. तिने प्रियदर्शनीकडे पाहिलं, बिनआवाजाच्या त्या विमानाकडे पाहिलं, आणि तिला त्यात काही नवल वाटलं नाही. दोघी थोडा वेळ एकाच हवेवर टेकून राहिल्या.

प्रियदर्शनीला भीती वाटायला हवी होती. ती होतीही, पोटात, गोळा होऊन. पण तिच्या वर, छातीत, भलतंच काही भरून येत होतं. इतके दिवस मी उडत नव्हते, तिला वाटलं. इंजिन उडत होतं, मी आत बसत होते.

घार वर गेली.

ती खाली.

तिने एक मोठा वळसा घेतला, रस्त्याच्या दूरच्या टोकाकडे. शिकवलं होतं तसं दार किंचित उघडून अडकवलं; आपटल्यावर दार बसलं तर बाहेर पडता येत नाही. पट्टा आवळला. आणि परत रस्त्याकडे पाहिलं तर रस्त्यावर काहीतरी चमकलं.

ते चमकणं जाग्यावर नव्हतं. चालत होतं.

पाणी असं चालत नाही. काच चालत नाही.

रस्त्यावर माणूस होतं.

दुसरी जागा शोधायची उंची संपली होती. जे निवडलं तेच आता होणार होतं. सरांनी इथवरचं सगळं शिकवलं होतं. यापुढचं कोणी शिकवत नाही. तिने एकच गोष्ट मनात धरली, घरी देवापुढे धरावी तशी: माझं काय व्हायचं ते होवो. कोणाच्या अंगावर उतरायचं नाही.

बाभळीच्या शेंड्यांवर

विमानं पारुबाईला माहीत होती. ती उंच असतात, खिळ्याएवढी. आवाज येतो म्हणून मान वर करावी तर ती पुढे निघून गेलेली असतात, आभाळात नुसता आवाज मागे पडलेला असतो.

हे आवाजाशिवाय आलं होतं. आणि केवढं होतं! पांढरं, दोन्ही हात पसरलेलं, ओढ्यावरून बाभळीवर, बाभळीवरून रानावर, फिरत. पंख हलत नव्हते. कुत्री भुंकायची थांबली. पारुबाईच्या हातातलं दाताळं हवेतच राहिलं.

"देवाचं हाय का सरकारचं?" तिने हळू आवाजात विचारलं.

पुजा डोळ्यांवर हात धरून बघत होती. "याडी, त्याचा पंखा फिरून न्हाई राहिला. बंद पडलंय ते."

"बंद पडलं तर पडत काहून न्हाई?"

पुजाने मान आणखी वर केली. तिच्याही अंगावर काटा आला होता. एवढी मोठी वस्तू, आत माणूस बसलेलं, आणि तिला धरून ठेवायला खालून, वरून, काही काही नाही.

"जागा बघून राहिलं," ती म्हणाली.

जागा म्हटल्याबरोबर पारुबाई भानावर आली. तिने दाताळं उंच केलं आणि अमृतरावाला घातली होती तशी साद घातली. "पुढं जा! हितं हळद हाय! वळसा घाल, वळसा!"

आणि ते वळलं. खरंच वळलं. रस्त्यापासून दूर, मोठा, सावकाश वळसा घेत गेलं.

"ऐकलं बघ," पारुबाई म्हणाली. "अमृतरावापेक्षा शहाणं हाय."

रस्त्याच्या पार टोकाला, जिथे ऊन पाण्यासारखं हलतं तिथे, ते पुन्हा वळलं. सरळ झालं. आता त्याचे हात दिसेनात, पाठ दिसेना. नुसता एक पांढरा ठिपका, आणि तो हलत नव्हता. ठिपका हलत नाही याचा अर्थ पुजाला आधी कळला.

"याडी! हितंच येऊन राहिलं ते! दगड!"

दगड

पारुबाईने सकाळी जो दगड जीपवाल्याला दाखवून पायाने दाबला होता, तो तिने पोटाशी धरून उचलला आणि नालीत टाकला.

पुढचा.

तिकडून देविदास कुकर तसाच सोडून पळत आला. काय चाललंय हे त्याने विचारलं नाही. आभाळाकडे एकदा पाहिलं आणि ओढ्याकडच्या टोकाचे दगड लोटायला लागला. "कडचे राहू दे!" तो ओरडला. "मधले! मधले काढा!"

पुढचा. त्याच्या खालून विंचू निघाला. विंचवाकडे बघायला सवड नव्हती.

पुढचा.

पुजा मात्र उलट्या दिशेने पळत सुटली होती. विमानाकडे. कारण त्याला पहिले दगड लागणार होते ते तिकडचे.

"पुजे! माघारी फिर! पुजे!"

पुजाला ऐकू आलं नाही, किंवा आलं. ती वाकायची, उचलायची, फेकायची, पळायची. लाल साडीचा पदर कमरेला. एक दगड. त्याच्या पुढे एक. ठिपक्याला आता हात फुटले होते. त्याच्या पुढे शेवटचा एक, सगळ्यांत पहिला.

आणि तो ठिपका अजूनही सरळ तिच्याकडेच येत होता.

माणसाच्या डोक्याएवढं

आता रस्ता पळत होता. वर असताना सगळं जागच्या जागी तरंगत होतं. जमिनीजवळ आल्यावर कळलं ती किती वेगात आहे. पिवळा पट्टा रंग नव्हता. त्याला जाडी होती, सावली होती. हळकुंडं! लाखो हळकुंडं! आणि मोकळ्या बाजूला, डावीकडे, समोर, एक बाई.

लाल साडी. पळत येतेय. पळून का जात नाही, ही माझ्याकडे का येतेय?

बाई वाकली.

उतरताना अगदी शेवटी विमानाचं नाक वर उचलावं लागतं, म्हणजे मागची चाकं आधी टेकतात. आणि नाक उचललं की समोरचा रस्ता दिसत नाही. दिसतं फक्त आभाळ.

नाक वर गेलं. आडवा, काळा, थांबलेला पंखा वर आला. बाई त्याच्या मागे गेली.

कर्णा वाजू लागला, वेग संपत आल्याचा, लहान मुलाच्या रडण्यासारखा. आता डावीकडे ती होती. दिसत नव्हती, पण होती. विमान उजवीकडे वळवायला प्रियदर्शनीने उजवा पाय सगळ्या ताकदीने दाबला.

टाचेखाली

चाकं टेकली.

उजवं चाक कशावरून तरी गेलं. ढप्प. मऊ नव्हतं, कडकही नव्हतं. विमान त्या बाजूला उचललं आणि बसलं, आणि मग हळद. हळकुंडं चाकाखाली गोट्यांसारखी पळाली, ब्रेक लागेना, विमान तिरकं होऊन घसरत चाललं, पंखाखालून पिवळं पाणी उसळावं तशी हळद उसळत होती, काचेवर, छतावर, उघड्या दारातून आत, तिच्या मांडीवर, आणि मग पुढचं चाक कुठेतरी अडलं, तुटलं, नाक खाली आपटलं, सिमेंटवर लोखंड कर्र करत गेलं, गेलं,

थांबलं.

एक हळकुंड छतावरून घरंगळत आलं, काचेवरून खाली गेलं.

सगळीकडे हळदीचा वास. लग्नघराचा.

गळ्याएवढं

ती बाहेर आली. पायांना जमीन ओळखीची वाटेना. तिने मागे पाहिलं. रस्त्यावर हळदीत एक लांब तिरका ओरखडा, त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे ढीग.

लाल साडी कुठेच नव्हती.

ढप्प.

तो आवाज तिच्या पायांत होता, माकडहाडात होता. काय होतं ते? ती विमानाभोवती फिरली, उजव्या चाकापाशी खाली बसली. चाकावर पिवळं. फक्त पिवळं. तिने खाली वाकून पोटाखाली पाहिलं. तेल गळत होतं. तिला मागे, त्या ओरखड्याच्या सुरुवातीपर्यंत जाऊन बघायचं होतं, आणि पाय उचलत नव्हते.

तेवढ्यात ते चमकणं तिच्याकडे चालत आलं. आरसे. आरशांची चोळी घातलेली एक म्हातारी, दोन्ही हात पुढे केलेले. तिच्या मागून तांड्यातल्या आणखी बाया पळत येत होत्या. म्हातारीने प्रियदर्शनीच्या गळ्यात हात टाकले, कपाळ तिच्या खांद्याला लावलं आणि मोठ्याने रडायला लागली.

ते साधं रडणं नव्हतं. त्याला चाल होती. लांब, चढत जाणारी, शेवटी तुटणारी. आधी तिच्या बोलीत. मग पोरगी आपल्यातली नाही हे ध्यानात येऊन, तिला कळावं म्हणून, मराठीत.

कुठून आलीस गं लेकी,
किती लांबून आलीस,
पाय न टेकता आलीस…
तुला सांगायचं राहिलं गं,
तुला कळवायचं राहिलं,
माझा रूपसिंग गेला गं,
रस्त्यावरच गेला,
चाकाखाली गेला…

प्रियदर्शनीच्या कानांत वारा भरला.

तर एकच नाही. लाल साडीवाली, आणि रूपसिंग. हळदीत कोणी निजलेलं होतं का? लेकरू होतं का? म्हातारीचा मुलगा? आणि ही मला मारत का नाही? ही माझ्या गळ्यात का पडलीय?

"आजी," ती म्हणाली. "आजी, कुठं आहे तो? मला दाखवा. मला…"

म्हातारी थांबली नाही. म्हैस गेल्याचं सांगितलं. भाऊ गेल्याचं. पूल न झाल्याचं. शेजारच्या बायाही आता सामील झाल्या होत्या, एकेक करून तिच्या खांद्याला कपाळ लावत होत्या. चारी बाजूंनी ती चाल चढत होती आणि मध्ये ती, पिवळी, ताठ, कोरड्या डोळ्यांची.

धापा टाकत एक माणूस आला. शर्टावर वाफेने ओली हळद.

"ताई, लागलं का कुठं? बसा, बसा खाली. आगं पाणी आणा कोणीतरी."

"रूपसिंग कुठं आहे?" तिने विचारलं. "मी मारलं ना त्याला?"

देविदास तिच्याकडे बघतच राहिला.

"रूपसिंग माझा बाप, ताई. ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरवरून चाकाखाली पडला. मी न्हान होतो तवा." मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळून हसला. "ती रडून न्हाई राहिली. म्हंजे रडून राहिली, पर ती भेटून राहिली तुमाला. आमच्यात बायामाणसं अशीच भेटतेत. लांबून कोणी आलं की गळ्यात पडायचं आन मधल्या काळात काय काय झालं ते समदं सांगायचं. गेलेले समदे सांगायचे. तुमी तर पार वरून आल्या."

प्रियदर्शनी त्या म्हातारीच्या केसांकडे, चांदीच्या दागिन्यांकडे पाहत राहिली. आपल्याला कोणी शिव्या देईल, पकडून ठेवेल, फोटो काढील, हे तिने गृहीत धरलं होतं. घरचं माणूस बरंच उशिरा परत आल्यासारखं कोणी भेटेल, हे तिच्या कुठल्याही धड्यात नव्हतं.

"मग चाकाखाली काय आलं?" तिने विचारलं.

"दगड. हळदीच्या कडंचे. मधले काढले आमी, कडचे न्हाई जमले."

"दगड होते? रस्त्यावर?"

"व्हय तर. पार भरला व्हता रस्ता." त्याने नालीकडे हात केला. नालीत दगड पडले होते, ओळीने, वर ताजी माती असलेले, त्या टोकापासून या टोकापर्यंत. ती वर घारीशेजारी होती तेव्हा ते सगळे रस्त्यावर होते. तिने निवडलेल्या मोकळ्या रस्त्यावर. तो मोकळा नव्हताच. ती येत असताना तो मोकळा होत होता, तिच्या पुढे पुढे, हातांनी.

तिने पुन्हा मागे, ओरखड्याच्या सुरुवातीकडे पाहिलं.

"आणि ती?" ती म्हणाली. "लाल साडीतली?"

देविदासचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं विझलं.

"पुजा?"

त्याने बायांकडे पाहिलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

भेटीचं रडणं मध्येच थांबवत नाहीत. पारुबाईने ते थांबवलं. चाल तिच्या तोंडात अर्धी राहिली. तिने गळ्यातले हात काढले आणि रस्त्याच्या त्या टोकाकडे वळली. कोणी पळालं नाही. का कोण जाणे, पळता आलं नाही कोणाला. नुसती कुकरची वाफ सूं सूं करत होती.

नालीएवढं

पार तिकडे, ओरखडा सुरू होतो त्याच्याही मागे, नालीच्या कडेवर आधी एक डोकं दिसलं. मग लाल. मग ती उभी राहिली, एक गुडघा टेकून, दुसरा उचलून, सावकाश, फार जड काहीतरी घेऊन उठावं तशी. कारण ती फार जड काहीतरी घेऊनच उठली होती.

ती चालत आली. साडी फाटलेली, कोपर सोलवटलेलं, तोंड धुळीने पांढरं. पोटाशी दोन्ही हातांनी धरलेला दगड. शेवटचा, म्हणजे सगळ्यांत पहिला.

देविदास अर्ध्या वाटेत तिच्याजवळ पोचला, दगड घ्यायला हात पुढे केले. तिने दिला नाही. तिला ते हात दिसलेच नव्हते. ती चालत राहिली, विमानापर्यंत आली, थांबली. तुटक्या चाकावर गुडघे टेकून बसल्यासारखं ते पुढे वाकलेलं होतं. तिने त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"हे मी खालून पाहिलं," ती म्हणाली. कोणाला तरी, सगळ्यांना. "दगड घेतला आन नालीत उडी टाकली, उताणी पडले. आधी सावली गेली माझ्यावरून. गार. मंग हे. हात वर केला असता तर लागला असता. आवाजच न्हाई. पोटावर तेलाचा ओघळ, असा, मागंपर्यंत. आन चाक फिरून न्हाई राहिलं, एका जागी उभं. एवढं मोठं… आन मला मुंगीबी दिसून राहिली व्हती त्या टायमाला, नालीच्या काठावरची."

प्रियदर्शनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघी एका उंचीच्या होत्या. एकाच वयाच्या असाव्यात. एकीच्या अंगावर हळद, एकीच्या अंगावर धूळ.

आभार मानावेत, तर शब्द पोरकट वाटले. पाया पडावं, तर मध्ये दगड होता.

तिच्या घरी रडायचं ते दार लावून. आई अनुसूया रडली तरी देवघरात, समईकडे तोंड करून, आवाज न करता. प्रियदर्शनीने दोन्ही हात पुढे केले, पुजाच्या गळ्यात टाकले, तिच्या खांद्याला कपाळ लावलं. दगड दोघींच्या पोटांच्या मध्ये आला, उन्हाने तापलेला. आणि मग जे पोटात गोळा होऊन बसलं होतं ते सुटलं. हमसून, आवाजासकट, चारचौघांत.

"नुसतं न्हाई रडायचं, लेकी," मागून पारुबाई म्हणाली. तिचं स्वतःचं तोंड भिजलेलं होतं. "सांगत सांगत रडायचं. काय झालं ते सांग तिला."

प्रियदर्शनीला चाल येत नव्हती. तिने देवळातली, बाबांच्या आरतीची कुठलीशी चाल घेतली, ती मोडली, मग कुठलीच नाही.

पंखा थांबला गं,
मला तो दिसला…
घार आली गं शेजारी,
तिचा डोळा पिवळा…
रस्ता दिसला मला,
तू नाही दिसलीस,
दगड नाही दिसले,
नाक वर गेलं गं,
तू खाली गेलीस,
मला वाटलं…

पुढचं सांगता येईना. बायांनी मान डोलावली. इथपर्यंत पुरे होतं. त्यांतल्या एकीने तिची चाल जिथे तुटली होती तिथून उचलली आणि पुढे नेली, शब्दांशिवाय.

लांबवर, रस्त्याच्या त्या टोकाला, जीपचा आवाज आला. मोकळा रस्ता बघून अमृतराव आत घुसला होता. विमान दिसल्यावर त्याने जीप थांबवली, उतरला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तिथेच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने रडणं ओसरलं. कोणीतरी पाण्याची कळशी आणली. पारुबाईने ओढणीच्या पदराने आधी पाहुणीचं तोंड पुसलं, मग सुनेचं.

"ठिव आता तो दगड खाली, पोरी," ती म्हणाली. "झालं. उतरलं ते."

पुजाने मान वर केली. आभाळ रिकामं होतं. एक घार होती फक्त, फार उंच, पंख न हलवणारी. पुजाचे हात दगडाभोवती आणखी आवळले.

"ठिवते, याडी. थांब जरा," ती म्हणाली. "ते अजून येऊन राहिलं."